सतरा नंबर

मुरबाडच्या पुढे, काळूच्या अलीकडे
एका उतारावर बेचाळीस घरं बसवायची होती.
ठाण्याच्या ऑफिसात मी ती एका दुपारीत बसवली:
सहा ओळी, प्रत्येकीत सात,
मधून सहा मीटरचा रस्ता, फुटपट्टीसारखा.
स्क्रीनवर उतार नव्हता.
उतार कंटूरच्या फाईलीत होता
आणि ती मी बंद ठेवली होती,
रेषा फार गजबजत होत्या म्हणून.

साइटवर नामी आगिवले चुना घेऊन पुढे,
मी टेप घेऊन मागे.
"सतरा नंबर इथं."
ती थांबली. चुना टाकेना.
"हितं तर मोह हाय."
"काढायचाय."
"कोनी?"

या प्रश्नासाठी माझ्या ड्रॉइंगमध्ये लेयर नव्हता.

मग ती चालत सुटली.
इथं गुरं वळतात.
इथं वहाळ भुईखाली शिरतो, गवत बघ, अजून पोपटी.
हा कातळ, यावर नाचणी झोडतो आम्ही,
जेसीबीचा दात मोडंल, हा नाय मोडायचा.
ती चढत नव्हती, उतरतही नव्हती,
शेळ्यांच्या वाटेने एकाच उंचीवर चालली होती.
रात्री फाईल उघडली तेव्हा
तिची वाट एकशे चोवीसच्या रेषेवर
जवळजवळ तंतोतंत पडलेली.

त्या रेषांवर मी घरं सोडली
कुंपणावर ओली लुगडी टाकावी तशी,
थोडी झोळ खाऊन, थोडी मागेपुढे.
जोती तिथल्याच दगडाची,
छपरं झाडांच्या खांद्याखाली.
रस्ता मोहाला वळसा घालून गेला.
चाळीस बसली.

साहेब म्हणाले, निसर्ग वगैरे ठीक आहे, मॅडम,
पण यादीत नावं बेचाळीस आहेत
आणि मोहाचं त्यात नाही.
त्यांचं चुकलं असं
मला आजही छातीठोक म्हणता येत नाही.

उरलेली दोन वरच्या टेपावर गेली,
हापशापासून दीडशे पावलं लांब.
त्यातलं एक नामीचं.
तिने मागून घेतलं
की तिला मागायला लावलं,
मी विचारलं नाही.

भरपाई म्हणून तिला पूर्वेची मोठी खिडकी दिली,
सगळा घाटमाथा दिसेल अशी.
तिने ती विटांनी बुजवली
आणि पश्चिमेला, वस्तीच्या अंगाला, वीतभर झरोका पाडला.
"झड येईल गं."
"ताटी बांधीन. डोंगर काय, रोजचाच हाय.
कोनाच्या घरी दिवा नाय लागला, ते दिसाया पायजे."

नकाशावर सोळानंतर थेट अठरा आहे.
तालुक्याहून दोनदा विचारणा झाली, टायपिंगची चूक का म्हणून.
चैत्रात गेले होते, पहाटे,
बायका टोपल्या घेऊन खाली निघाल्या होत्या.
कुठं, म्हटलं.
एक पोरगी मागे न बघताच म्हणाली,
सतरा नंबरात, फुलं येचाया.