अजून चालतोय

ऑफिसात कुलथे म्हणाला, मॅडम, हा फोन की पाटी?
म्हटलं, पाटी. पुसून परत लिहिता येतं.
तो हसला. त्याचा नवा फोन टेबलावर पालथा,
तीन डोळे आढ्याला लावून.

माझ्याला एकच डोळा. त्यातही
कोपऱ्यात बुरशीसारखा ठिपका,
त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंत
आभाळाला एक तीळ आहे.
पर्वतीवरच्या, नळस्टॉपच्या,
हडपसर गाडीतळावरच्यासुद्धा.

दुपारी तीनला सत्तर टक्के.
सव्वातीनला एकवीस.
मधलं कुठं जातं, देव जाणे.
माझ्या पगाराचंही तेच होतं
म्हणून फार रागावता येत नाही.

कळफलकाला मात्र मी पाठ आहे.
'ये' म्हटलं की तो विचारतो, येताना कोथिंबीर?
'ठी' म्हटलं की, ठीक आहे, बघते.
सात वर्षांत मी काय बोलले
ते त्यानं असं दोन घासांत वाढून ठेवलं.
वाईट वाटलं. मग महिनाभर
'ठीक आहे'च्या जागी मुद्दाम
'नाही जमणार' लिहिलं, अक्षर अक्षर दाबून.
आता 'ना' दाबला की लगेच पुढं करतो.
नव्याला हे शिकवायचं
म्हणजे पहिल्या कोथिंबिरीपासून सुरुवात.

मार्चअखेर बँकेचं अ‍ॅप म्हणालं,
आपले उपकरण आता समर्थित नाही.
समर्थित. दोनदा वाचलं.
असं तोंडावर मला कुणी म्हटलं नव्हतं.
वागले असतील.

लक्ष्मी रोडवर टाय लावलेल्या मुलानं
फोन तळहातावर वांग्यासारखा तोलला,
एक्स्चेंजमध्ये चारशे दहा.
नवा सव्वीस हजार, पहिला महिना हप्ता नाही,
जसा काही तो महिना त्याच्या घरचा.

तशीच तापकीर गल्लीत शिरले.
वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा,
जिन्याखालच्या साडेतीन फुटांत मुबीन,
कपाळावर भिंग.
नवीन घ्या, असं तो म्हणाला नाही.
म्हणाला, बॅटरी फुगलीय, पोट बघा हिचं.
गरम हवा देऊन पाठ सैल केली,
प्लॅस्टिकच्या नखानं उचकटली
आणि थांबला.

आत, पट्टीच्या टोकाशी
कुणीतरी कागदाची घडी खोचलेली.
चिमट्यानं उलगडली. पीएमपीचं तिकीट,
शाई उडालेली, तरी दहा रुपये दिसत होते
आणि 'स्वारगेट ते', पुढचं फाटलेलं.

हे तुम्ही लावलंत?
मी कुठली! एकदा सिंहगड रोडला
एका पोरानं उघडला होता. नाव नाही आठवत.
टपरी होती. आता तिथं पुलाचा खांब आहे.
कनेक्टर सैल असणार, मुबीन म्हणाला,
स्पंज नसेल त्याच्याकडे. खिशात होतं ते लावलं.

म्हणजे आईच्या ऑपरेशनचे फोन,
ईशानचे रात्री दीडचे, काही न बोलता ठेवलेले,
गॅसवाल्याचे, राँग नंबर,
सगळे या दहा रुपयांवर चालले होते.
स्वारगेटला चढलेलं कुणीतरी
अजून उतरलंच नव्हतं.

मुबीनकडे स्पंज होता, बरणीभर.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
त्यानं तिकिटाची परत घडी घातली,
होती त्याच वळणांवर,
पाठ बसवली आणि अंगठा दाबून धरला
गोंद धरेपर्यंत.
साडेसहाशे. रोख.

बँकेत आता पहिल्या शनिवारी जाते.
पासबुक छापायचं यंत्र माझ्या फोनहून म्हातारं,
ओळीवर ओळ चढवतं.
काउंटरवरच्या बाई त्याला एक चापट मारतात,
मग सरळ छापतं.

काल दुपारी तीनला ब्याण्णव टक्के.
सव्वातीनला पाहिलं, ब्याण्णवच.
मला उगीच चुकल्यासारखं झालं.