अकरावी जागा

सामना अमदावादला.
आमच्या वाट्याला चपला सांभाळायचं काम:
तिकडे माणसं उतरवून मोकळी झालेली विमानं
इकडे बडोद्याला येणार, रात्रभर उभी राहणार,
आणि शेवटचा चेंडू पडला की
सगळ्यांना एकदम निघायचं असणार.

हरणीला धावपट्टी एक.
उभं करायच्या जागा अकरा.
अर्ज चौतीस.

तीन आठवडे मी कागदावर विमानं लावली.
पंखाच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंत किती मीटर,
कोण आपलं आपण वळेल,
कोणाला मागे ढकलायला ट्रॅक्टर लागेल,
लहान जेट मोठ्याच्या पंखाखाली मावेल का
(नाही मावत. त्रिवेदी साहेबांनी तीनदा विचारलं).
इंधनाच्या गाड्या दोन, त्यातल्या एकीचा पंप रुसलेला.
दिल्लीच्या रोजच्या विमानाला हात लावायचा नाही.
दुपारी सेव-उसळ मागवली तर तर्रीचा थेंब
नेमका सातव्या जागेवर पडला.
हितार्थ म्हणाला, हेमाबेन, तेलगळती!
मी पुसला. डाग राहिला.
सातवर शेवटपर्यंत कोणाला लावावंसं वाटेना.

अकरावी मी रिकामी ठेवली.

बैठकीत तो पांढरा चौकोन दिसला
आणि सगळ्यांची बोटं तिथे गेली.
कुणाच्या मित्राचं विमान होतं,
कुणाचा मित्रच विमान होता.
"इथे कोण?"
कुणीतरी येईल.
"पण कोण?"
माहीत असतं तर नाव लिहिलं नसतं का, साहेब?

मग नियम वाचून दाखवला:
टायर फुटलेलं, इंजिन तापलेलं,
छातीत कळ आलेला प्रवासी,
धुक्यातून माघारी फिरलेलं कोणी.

बाबांचं नाव काढलं नाही.
दांडिया बाजारच्या कार्यालयात पंगती त्यांच्याकडे असायच्या.
शेवटच्या रांगेत एक पान मांडून ठेवायचे,
भोवती पाणी फिरवून, मीठ-लिंबू वाढून.
माणसं ताटकळलेली, यजमान डोळे वटारतोय,
तरी तिथे कुणाला बसू द्यायचे नाहीत.
"आपण पुढच्या पंगतीला," म्हणायचे,
इतकं गोड की राग यायचा.
बहुतेकदा ते पान तसंच उचललं जायचं.
मी लहान होते. मला लिंबाचं वाईट वाटायचं.

सामन्याची रात्र.
कोण जिंकलं ते मला टॉवरवर
पायलटांच्या आवाजांवरून कळलं.
मग सगळे एकदम, शाळा सुटल्यासारखे:
निघू का, निघू का, निघू का.
तिकडून बोलावणं येईपर्यंत इकडून सोडायचं नाही.
पाच मिनिटांनी एक. मग सात. मग पुन्हा पाच.
एकजण चिडून म्हणाला, माझा मालक गाडीत बसलाय.
बसू दे, असं मी म्हटलं नाही.
थांबा, म्हटलं.

एक वाजून दहा.
अमदावादवर घिरट्या घालणारं एक,
नाव नाही, फक्त अंक आणि दमलेला आवाज:
बडोद्यात जागा आहे?

आहे.

खरखर.
खाली पाहिलं तर इरफान मलेक
हातांत दोन पेटते दांडे घेऊन
अकरावीकडे चालायला लागलेला.
खरखर.
मग आवाज जरा हलका झालेला:
राहू दे, इथेच मिळाली. आभार.

अहवालात लिहिलं:
जागा क्रमांक अकरा, वापर निरंक.
त्रिवेदी साहेबांनी निरंकखाली लाल रेघ ओढली,
बाजूला काही लिहिलं नाही.

एकच चूक झाली माझी.
येत नाहीये, हे इरफानला सांगायचं राहिलं.
वीस मिनिटं तो उभा होता
रिकाम्या काँक्रीटकडे तोंड करून,
दोन्ही हात वर, दांडे पेटलेले,
या, या, सरळ या.