बिऱ्हाड

चिआतुरात, दरीच्या उतारावर, बंद पडलेल्या औषधांच्या दुकानात
मी यंत्रं दुरुस्त करतो. कपाटांना अजून आयोडीनचा वास आहे.
मंगळवारी गुराम आला, हातगाडीवर कॉम्प्युटर घेऊन.
खाणीच्या हजेरीखात्यातला,
थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्याच्या गळ्यात मारलेला.
'याचा फोन करून दे,' म्हणाला.

त्याचा खरा फोन क्विरिला नदीत गेला.
मँगनीज धुऊन धुऊन काळी झालेली नदी,
पडलेलं काही परत देत नाही.
आणि तामता, त्याची मुलगी, इटलीत, बारीला,
परक्या म्हातारीची उस्तवार करते,
रोज रात्री नऊला एका निळ्या चौकोनातून बोलते.
त्या चौकोनाखेरीज गुरामला कशातलं काही कळत नाही.
नवा फोन घे की, म्हटलं. त्याने खिसा उलटा केला:
एक चावी, दोन अक्रोड.

खोकं उघडलं. हार्ड डिस्क टक् टक् करत होती,
आत कुणी कोंडलं गेल्यासारखी.
काढून ठेवली.

मग बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हमध्ये फोनचा जीव भरला.
पहिल्यांदा काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा वीज गेली.
मग जुनी आवृत्ती शोधली, बत्तीस बिटांची,
दात पडलेल्याला मऊ भात द्यावा तशी.
एफ बारा दाबून धरलं. यंत्राने विचारलं:
इथे कायमचं बसवायचं, की न बसवता नुसतं चालवून बघायचं?
नुसतं, म्हणालो. बसायला जागा होती कुठे.

उठलं, आणि उठल्या उठल्या म्हणालं, सिम नाही.
हे बारा किलोचं धूड!
बॅटरी शंभर टक्के, असंही म्हणालं,
ज्याच्या पोटात बॅटरीच नाही ते.
गुराम पडद्यावर बोट दाबत राहिला,
काचेवर नुसते ठसे.
माऊस त्याच्या हातात दिला: 'हे तुझं बोट.'
त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, जिथे चारच आहेत.
'एक खाणीने घेतलं होतं,' म्हणाला,
'परत केलं म्हणायचं.'

निळा चौकोन उघडला आणि सगळं चित्र आडवं झालं.
त्याला अजून वाटत होतं, आपण कुणाच्या तरी तळहातावर उभे आहोत.
काय करणार? मॉनिटरच कुशीवर निजवला,
मक्याच्या पिठाची गोणी टेकण द्यायला,
वर रबराने बांधलेला कॅमेरा, तोही निजला.

नऊ वाजले.
'मामा,' ती म्हणाली (आमच्यात बापाला मामा म्हणतात),
'आडवा का पडलायस? बरं नाही का?'
'बरा आहे,' म्हणत गुरामने मान खांद्यावर टाकली
आणि तिकडे, बारीत, तो सरळ उभा राहिला.
चाळीस मिनिटं तसाच बोलला.
तिच्यामागे घडीची खाट, स्वयंपाकघरातच.
एक सुरकुतलेला हात मधूनमधून पाणी मागायचा.
वर्षभर जाऊन बघते, म्हणून गेली होती.
आठवं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, कॅमेरा वेगळा काढून सरळ लावतो.
'राहू दे,' म्हणाला, 'तिला सवय झाली.'

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, याचं पेनड्राइव्हमध्ये.
रोज रात्री बंद झालं की सगळं विसरतं:
नाव, गाव, कालचं बोलणं.
रोज संध्याकाळी विचारतं, नमस्कार, आपली भाषा कोणती?
गुराम न कंटाळता, त्या परत मिळालेल्या बोटाने,
यादीत खाली खाली जात आपली भाषा शोधतो.
पासवर्ड गोणीवर कोळशाने लिहिलाय.
मग पेनड्राइव्ह उपटतो, चावीच्या कडीत अडकवतो,
डोंगरावरच्या घरी जातो. कॉम्प्युटर माझ्याकडेच,
पाळण्याची तार तुटल्यापासून एवढं ओझं वर कोण नेणार.

मजुरीचं म्हणाल तर दोन अक्रोड.
त्यातला एक किडका निघाला.