घेर

सन्मतीचं म्हणणं, गाडी बैलाएवढी
आणि खूर शेळीचे.
त्यानं फोनमधलं चित्र दाखवलं:
सतरा इंची काळं रिम,
टायर असा जाड की उसाच्या ट्रॉलीला चालावा.
मला नाही म्हणवलं नाही.
दहावीनंतर जे मागितलं होतं, ते राहूनच गेलं होतं.

कुपवाड फाट्याला दस्तगीरचं दुकान.
पंक्चरच्या पाण्याचं घमेलं, टांगलेल्या ट्यूबा,
भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचा मार्च.
दस्तगीरच्या डाव्या बुटाला दोन इंचांचा जादा तळ,
मिरजेच्या दवाखान्यात मापानं करून घेतलेला.
चालला की एक पाऊल ठप्, एक पाऊल ठक्.

चित्र बघितलं, मग वाकून
आमच्या टायरवरचे आकडे बोटानं वाचले
शिलालेखासारखे:
एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा.
"झ्याक हाय. पर गाडीत एक बाई बसल्याली आस्ती,
तुमास्नी दिसत न्हाई.
चारी चाकांचं फेरं मोजती.
किलोमीटरला पाचशेबारा.
हँडल किती वळलं, गाडी किती वळली, ताडून बघती.
घसरलं की तीच ब्रेक लावती,
तुमचा पाय हालायच्या आत."

"सॉफ्टवेअर आहे ते," सन्मती म्हणाला.
"आसंल. नाव काय बी आसू दे."

मग स्टुलावर बसून त्यानं नाडी सोडली,
बूट काढून पोराच्या पुढ्यात ठेवला.
"घाल. त्या खांबापतोर जा. डोळं झाकून."

जिमला जाणारा आमचा पोरगा,
एका पायात आपला बूट, एका पायात दस्तगीरचा,
सात पावलं गेला
आणि आठव्याला ग्रीसच्या डब्यात.

"काय झालं?"
"सरळच चाललो होतो. डोकं म्हणालं, कलतोय.
म्हणून उलटा रेटा दिला."
"कुणी सांगिटलं हुतं रेटा द्यायला?"

पोरगा पाय पुसत म्हणाला,
"आणि चारही सारखीच मोठी घातली तर?"
दस्तगीर खूश झाला.
"मग तिचं फेरं कमी भरत्यात.
ती म्हणती पंचावन्न, गाडी पळतीया साठनं.
अंकलीच्या वळणाला तिला वाटतं, मागलं सुटलं.
नसल्या घसरणीला ब्रेक लावून मोकळी."

"म्हणजे मोठं घालायचंच नाही?" मी.
"घालायचं की! रिम मोठं, रबर बारीक. घेर त्योच."

सोळाचं रिम. एकशे पंच्याण्णव, पंचावन्न.
फरशीवर खडूची रेघ, चाकावर खडूची खूण.
जुनं चाक एक फेरा ढकललं, खूण टेकली तिथं रेघ.
नवं चाक त्याच जागेवरून ढकललं.
दुसरी रेघ पहिलीवरच आली,
जरा जाड झाली, इतकंच.

सन्मती उकिडवा बसून बघत राहिला.
सतरा मागितले होते, सोळा मिळाले.
आता खड्ड्यात आणि माझ्या कमरेत
रबर बोटभर कमी.
हे दस्तगीरनं पैसे घ्यायच्या आधी सांगितलं होतं.

चाकं चढली. रिम आत कुठं घासत नाही ना,
बोट घालून बघितलं.
हँडल सरळ धरून तिला पुन्हा शून्य शिकवलं,
आणि तो मागच्या सीटवर बसला.

एमआयडीसीच्या वळणावर
मळीच्या टँकरनं सांडलेला काळा पट्टा.
मागची बाजू हलकी झाली,
जशी जिन्यात एक पायरी चुकावी.
डॅशबोर्डवरची वाकड्या रेघांची पिवळी गाडी
दोनदा लुकलुकली.
कुणीतरी खालून धरलं. सोडलं.
"बगा," मागून आवाज, "जागी हाय."

दुकानाशी त्याला सोडताना सन्मतीनं विचारलं,
"तळ दोनच इंच का?"
"पाय तेवढाच कमी हाय म्हून.
डॉक्टर म्हनलं, तीन करू का, उंच दिसशील.
म्या म्हनलं, आन् मग दुसऱ्या अंगानं लंगडू?"

आरशात तो आत जाताना दिसला.
ठप्. ठक्.
कुठलाच दिवा लागला नाही.