चंद्रकळा

चौबाऱ्यामागच्या बोळात, उदगीरला,
जिन्याखालची ती खोली दोन माणसांपुरतीच होती,
तेही खाजामियाँनी श्वास घेतला
की मी सोडायचा, अशी.

लाल बल्ब. तीन ट्रे.
पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते,
"पांढरं कागदात असतंच, ते कंपनी देती.
काळं आपल्याला करावं लागतं."

संक्रांतीनंतरचा आठवडा.
किणीकरांची नवी सून पहिल्या सणाचा फोटो काढून गेली होती.
अंगावर चंद्रकळा,
गळ्यात, दंडावर, कपाळावर हलव्याचे दागिने,
आणि या दोन्हींच्या मधे कुठंतरी
तिचा सावळा, जरासा रागावलेला चेहरा.
सासू दारातून परत फिरून बोलली होती,
"मास्तर, पोरगी जरा उजळ येऊ द्या."

मी उजळ केली.
उजेड दोन सेकंद कमी दिला,
चेहरा दिसतोय म्हणताच चिमट्यानं कागद उचलला.
चेहरा आला. साडी गेली.
भांडी घासून उरलेल्या राखेची झाली ती,
हलवा तर त्या राखेत विरघळूनच गेला.

खाजामियाँ रागावले नाहीत.
ट्रेमध्ये बोट बुडवून म्हणाले,
"थंड पडलंय. हायड्रोक्विनोन झोपलाय.
तो जागा नसला की काळं अर्ध्या वाटेतून घरी परततं."
परातीत गरम पाणी ओतलं, परातीत ट्रे ठेवला.
बाळंतिणीच्या खोलीची बुजवतात तशी
दाराची फट गोधडीनं बुजवली.
त्याआधी एक कोरा तुकडा जिन्यावरच्या उन्हात दाखवून आणला होता,
तो डेव्हलपरमध्ये सोडला.
"बघ. या कागदाला याच्याहून काळं येत नाही.
ही त्याची हद्द.
साडी इथपर्यंत गेली पाहिजे. एक बोट अलीकडं नको."

त्यांचे आजोबा बिदरला बिदरीचं काम करायचे.
किल्ल्यातली माती उकळून भांड्यावर चोळली
की जस्त काळं पडायचं,
चांदी तशीच, लखलखीत.
"आपलं उलटं," ते हसले,
"इथं चांदीच काळी होती.
म्हणून तिला वेळ द्यायचा."

दिव्याचं व्होल्टेज पडलं, थांबलो.
चढलं, तेव्हा कागद लावला.
"एकशेऐंशीपर्यंत मोज. मोठ्यानं."

साठाला चेहरा पुरा झाला, माझा हात चिमट्याकडं गेला.
"राहू दे."
नव्वदाला वाटलं, बिघडला.
लाल उजेडात सगळंच जास्त काळं दिसतं
हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.
शंभराच्या पुढं चेहऱ्यात काही हलेना,
फक्त साडी होत होती,
एकेका निरीत काळं उतरत होतं,
दोर सोडत जावा, सोडत जावा
आणि पोहरा अजून पाण्याला लागू नये, तसं.

हायपो. मग पांढरा दिवा.
उन्हातला तुकडा मी साडीवर ठेवला,
त्याची कड सापडेना.
मग चेहरा बघितला.
त्याला आम्ही काहीच केलं नव्हतं.
तोच सावळा,
पण काळ्याच्या शेजारी बसल्यावर
उजेडाचा हिशेबच बदलला होता.
राग तर आता स्वच्छ दिसत होता.

मंगळवारी सासू आली.
"काळीच आली की हो."
"कोण, साडी?" खाजामियाँनी विचारलं.
बाईनं पैसे मोजले, पाकीट उचललं,
पायरी उतरताना एकदा उघडून बघितलं.

चैत्रात ती स्वतः आली. एकटी.
याच्याच आणखी दोन पाहिजेत, माहेरी पाठवायच्यात.
हातात फोटो होता, अंगावर तीच चंद्रकळा.
निऱ्यांवर बोट ठेवून म्हणाली,
"साडी विटली बघा. दोन धुण्यांत करडी झाली."

मी ट्रे मांडले.
पाणी गरम करायची आता गरज नव्हती.