वीतभर खड्डा

झेंड्याच्या खांबाखाली खड्डा खणायला सांगितलं
तेव्हा बाबांनी विचारलं, किती खोल?
मिस्टर हॅचर म्हणाले, एका भाषेपुरता.
शिक्षक हसले. बाबाही हसले.
साहेब हसले की हसायचं असतं
एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

सान एर्मिलो, टेक्सस. साल चोपन्न.
रुळांच्या अलीकडची आमची शाळा.
पलीकडची पुस्तकं फाटली की आमच्याकडे यायची,
पहिल्या पानावर कुणा गोऱ्या मुलीचं नाव,
खाली फूल काढलेलं.

मिस प्रुइटनी चिठ्ठ्या वाटल्या.
एकेक स्पॅनिश शब्द लिहा, शेवटचा.
उद्यापासून मैदानातसुद्धा इंग्रजीच.
फळी टेबलावर होतीच, भोकं पाडलेली,
म्हणजे हवा अडत नाही आणि जोर वाया जात नाही.
रेफूहियोनं लिहिलं काबाय्यो, घोडा.
ओदिलियानं तिया. तिची मावशी त्याच आठवड्यात गेली होती.
मी आसूकार. साखर.
घरातली संपली होती.

सिगारच्या पेटीत चिठ्ठ्या, पेटीला काळी फीत.
माती लोटताना बाबांनी टोपी काढली.
खोटी असली तरी मयत ती मयत.

संध्याकाळी आईनं विचारलं, काय झालं आज शाळेत?
मी गप्प.
कुठल्या भाषेत सांगायचं तेच कळेना.

पंधरा वर्षांनी माझा धाकटा भाऊ चेमा
तीनशे पोरांबरोबर वर्ग सोडून निघाला.
हातात मागण्यांचा कागद:
आमच्यातले शिक्षक नेमा. फळी जाळा.
आमचे आजे-पणजे पुस्तकात कुठे आहेत ते दाखवा.
आणि तळाशी, पेन्सिलीनं घुसवलेलं,
मधल्या सुट्टीत कुठल्या भाषेत हसायचं
ते आमचं आम्ही बघू.

हॅचर ओरडले, आन्सेल्मो, दाराला कुलूप घाल!
बाबांच्या कमरेला एकतीस किल्ल्या.
बावीस वर्षांत अंधारातसुद्धा चुकले नव्हते.
त्या दिवशी ही नाही, ही नाही, हीपण नाही,
कपाळाला आठ्या घालून शोधत राहिले
आणि पोरं त्यांना खांदे घासत जात राहिली.
शेवटचं लंगडत होतं, नवा बूट चावत होता त्याला.
ते फाटकापार झालं,
मग किल्ली सापडली.

सोमवारी जुडगा काढून घेतला त्यांच्याकडून.

सगळं जिंकलो असं नाही.
शाळामंडळावर आमचे दोघे निवडून आले,
त्यातला एक वर्षभरात हॅचरच्या बागेत
मांस भाजायला जाऊ लागला.
फळी मात्र गेली. कुठे, कुणी सांगत नाही.

शेवटच्या आजारपणात बाबांनी
पलंगाखालचा स्क्रूंचा डबा काढायला लावला.
आत चिठ्ठ्या. शाई पसरलेली, गंजाचे डाग.
वीतभरच खणलं होतं, म्हणाले.
रात्री जाऊन काढल्या, बॉयलरच्या खोलीत वाळवल्या,
पेटी रिकामीच पुरली परत.
मला कुठे वाचता येतं?
पण पोरांचं सामान आहे एवढं कळत होतं.
वाच.

मी वाचत गेले. घोडा. मावशी. साखर.
कुणाची तरी शिवी, अक्षर अगदी मोत्यासारखं.
इतके हसले की नाकातली नळी निघाली.

मग एक चिठ्ठी: मांदे.
मोठ्यांनी हाक मारली की आम्ही म्हणतो ते.
आज्ञा करा.
हॅचरना ते दिवसातून चाळीसदा म्हणायचे.

बाबांनी ती माझ्या हातून घेतली,
डोळ्यांजवळ नेली, जणू आता वाचता येईल.
ही, म्हणाले,
ही तेवढी राहू द्यायला हवी होती.