दातवणाचा कुंचला

पंपहाउसच्या भिंतीवर पुराची रेघ होती,
माझ्या बरगडीच्या उंचीला, चहाच्या रंगाची.
चुना मारून टाका, म्हणाला वॉर्डातला माणूस.
ऊर्जिता म्हणाली, नको.
रेघेच्या खाली नदी राहू दे.

म्हणून खाली विश्वामित्री, मगर, तिच्या पाठीवरचं शेवाळ,
वर करंज, पीलू आणि पळस.
पळसाला सोसायटीतल्या पोरांनी चार-चार पानं काढली,
आणि आम्ही दांडिया बाजारची मंडळी
म्हण आठवून
चौथं चौथं पान पुसत बसलो.

बाभळीपाशी जशीबेन थांबली.
डोक्यावर दातवणांची मोळी, विकायला निघालेली.
"आ बावळ नथी.
काटा जोडीनं येतो. पांढरा. सरळ.
तुम्ही गांडो बावळ काढलात.
देशी तुरट लागतो, हा नुसता कडू."

ऊर्जितानं ब्रश पुढे केला.
तिनं तो घेतलाच नाही.
मोळीतून एक काडी ओढली,
टोक चावून चावून मऊ केलं,
पांढऱ्या डब्यात बुडवलं
आणि काटे लावत गेली,
दोन, दोन, दोन,
हात पोचेना तिथवर.

वरच्या फांद्या अजून बिनकाट्याच्या आहेत.
आम्ही हात लावला नाही.

हल्ली ती तिथंच बसते, भिंतीला पाठ टेकून.
त्या झाडाची सावली पडत नाही, तरी.
मी रोज एक दातवण घेतो, चावत घरी येतो,
आणि मग, तिला सांगितलेलं नाही,
पेस्ट लावून पुन्हा दात घासतो.